‘तू कुठला दारुडा!’

फेब्रुवारी २०२२. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आमच्या घरी चुलत बहिणीच्या लग्नाची धामधूम होती. हळद आटोपली होती, बायका खालच्या मजल्यावर रुखवत मांडत होत्या आणि गच्चीवर पुरुषमंडळींची मैफल रंगली होती. मी सोड्याचा ग्लास हातात धरून कोपऱ्यात उभा होतो. तेरा महिने मी दारूला स्पर्श केला नव्हता. माझे धाकटे काका जवळ आले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि मायेने म्हणाले, ‘तेरा महिने राहिलास ना? म्हणजे सुटली. आणि सुटली असेल तर एक घेऊन दाखव. दारुडे असे असतात का रे? तू कुठला दारुडा!’

गच्चीवर हशा पिकला. त्या हशात कुणाच्याही मनात दुष्टावा नव्हता, हे मला आजही ठाऊक आहे. मी तो प्याला घेतला.

पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी त्या वाक्याविषयी सांगितले पाहिजे, कारण माझ्या विशीच्या उत्तरार्धात मी सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य तेच आहे. ते वडिलांनी म्हटले, मित्रांनी म्हटले, एका डॉक्टरांनी आपल्या भाषेत म्हटले आणि ज्यांनी स्वतः हे सारे भोगले होते अशा एका वृद्ध गृहस्थांनीही म्हटले. दारू सोडणे कठीण असते, हे सगळेच सांगतात. ती सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे आधी इतरांना पटवून द्यावे लागते, याची कल्पना मात्र मला कुणी दिली नव्हती.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी माणसे येत राहिली. आमचे पणजोबा मध्य प्रांताच्या सरकारी नोकरीत बदली होऊन आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषांत मी वाढलो. आजोबांना नाटकांचे वेड होते. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांना जवळजवळ तोंडपाठ होते. १९१९ मध्ये गडकरी नागपूरजवळच्या सावनेरला वारले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ते नाटक रंगभूमीवर आले, हे ते दरवेळी नव्याने सांगत. आमच्या घरातला दारुड्याचा नमुना म्हणजे शेवटच्या अंकातला सुधाकर: संसाराची राखरांगोळी झालेला, सिंधूच्या आणि मुलाच्या नाशाला कारण ठरलेला. त्यात भर पडली ती थोरल्या काकांची. ते सुधाकराच्याच वाटेने गेले. नोकरी गेली, दागिने गेले आणि एका पावसाळ्यात ते स्वतःही गेले. तेव्हापासून घरात दारुडा या शब्दाचा अर्थ कायमचा ठरून गेला.

पण सुधाकर पहिल्या अंकात कसा होता? हुशार, मानी, तरुण वकील. आपण नाटक आठवतो ते शेवटाकडून. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या अंकातला माणूस आपल्यासमोर येऊन उभा राहिला, तरी तो आपल्याला ओळखता येत नाही.

मी पहिल्यांदा प्यायलो ते अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी, वसतिगृहात. छत्तीसगडमध्ये दारू विकत घेण्यासाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मी अठरा वर्षांचा होतो. पहिल्याच रात्री एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. इतरांना चढली की ते थांबत. मला चढली की आणखी हवीशी वाटे. पदवीनंतर सिलतऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कंपनीत विक्री विभागात नोकरी लागली. पगार बरा होता, कामात मी चांगला होतो. संध्याकाळी तेलीबांधा तलावाच्या काठी मित्र जमत आणि तिथून आम्ही ‘भट्टी’वर जात असू. इकडे दारूच्या दुकानाला भट्टीच म्हणतात, मग तिथे विलायती मिळत असली तरी. मित्र घरी गेल्यावर मी परत फिरून एक पव्वा घेई. हा दुसरा पव्वा कुणालाच माहीत नव्हता. माझ्या आजाराचा सगळा इतिहास त्या दुसऱ्या पव्व्यात होता आणि लोक मात्र पहिल्या ग्लासावरून माझी परीक्षा करीत होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि भट्ट्या बंद झाल्या. गच्चीवरच्या खोलीत मी साठवलेल्या बाटल्या चार दिवसांत संपल्या. त्यानंतरच्या सकाळी आईने चहा आणून दिला, तेव्हा कप बशीवर वाजू लागला. मी दोन्ही हातांनी तो धरला, तरी तो वाजतच राहिला. दरदरून घाम, छातीत धडधड, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मी कोविडची तपासणी करावी का, असा विचार करीत होतो. मग इंटरनेटवर लक्षणे शोधली आणि उत्तर समजले. मला फिट आली नाही, भास झाले नाहीत, हे निव्वळ नशीब. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रमिष्टावस्था उद्भवू शकते. उपचार झाले नाहीत तर ती जीवघेणी ठरते. ४ मे रोजी दुकाने उघडली, तेव्हा मी पहाटेच रांगेत उभा होतो. माझे वय तेव्हा चोवीस.

त्याच वर्षी दिवाळीनंतरच्या एका रात्री बाबांच्या छातीत कळा येऊ लागल्या. आई जिना चढून माझ्या दारावर थापा मारीत होती. तो आवाज मला खोल पाण्यातून यावा तसा येत होता. मला उठता आले नाही. शेवटी शेजारच्या भैयांनी त्यांच्या गाडीतून बाबांना रुग्णालयात नेले. अँजिओप्लास्टी झाली, बाबा वाचले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात पोहोचलो, तेव्हा आई आत्याला सांगत होती, ‘दिवसभर कंपनीत राबतो बिचारा. गाढ झोप लागली होती.’ संध्याकाळी घरी आलो तर खोली झाडलेली होती आणि पलंगाखालची बाटली नाहीशी झाली होती. त्या बाटलीविषयी आई कधीच बोलली नाही, मीही नाही.

मला आरडाओरडा हवा होता. कुणीतरी कानशिलात लगावली असती, तर निदान ही गोष्ट घडली एवढे तरी सिद्ध झाले असते.

मी स्वतःहून बोललो तो महिनाभराने. बाबा अंथरुणावर टेकून बसले होते. ‘बाबा, मला दारूचा आजार आहे, असं वाटतंय,’ मी म्हणालो. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘दादाला मी पाहिलं आहे. गटारातून उचलून आणलं आहे. तू नोकरीला जातोस, घरी पगार देतोस. असलं काही बोलू नकोस. पुढे तुझं लग्न करायचं आहे.’ मित्रांनी विषय हसण्यावारी नेला: ‘यार, तू कहाँ का शराबी! इस उमर में सब पीते हैं.’ एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यकृताच्या तपासण्या करून घेतल्या. अहवाल व्यवस्थित आला. ‘लिव्हर उत्तम आहे. थोडी कमी करा. लग्न झालं की आपोआप सुटेल,’ असे सांगून त्यांनी मला घरी पाठवले. तरुण माणसाचे यकृत वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसत राहू शकते आणि अहवाल निर्दोष असला म्हणजे व्यसन नाही असे होत नाही, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मात्र मी तो अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि परतताना भट्टीवर थांबलो. प्रमाणपत्रच मिळाले होते.

या सगळ्यांवर मी पुष्कळ काळ रागावलेलो होतो. आता तसा राग उरलेला नाही, कारण प्रत्येकाच्या शंकेचे मूळ वेगळे होते, हे ध्यानात आले आहे. बाबांच्या शंकेमागे भीती होती. मुलाला आजारी म्हणायचे तर थोरल्या भावाचे मरण पुन्हा एकदा घरात घ्यावे लागणार होते. मित्रांच्या शंकेमागे स्वतःचा बचाव होता. आमच्यातला एक आजारी ठरला, तर उरलेल्यांना आपापले ग्लास मोजावे लागले असते. डॉक्टरांकडे माप चुकीचे होते. आणि या तिघांहून मोठी शंका माझी स्वतःची होती. लोकांनी नाही म्हणावे, अशी माझ्यातल्या एका भागाची तीव्र इच्छा होती. व्यसनाला साक्षीदार लागतात आणि मला ते आयते मिळत होते.

हा केवळ एका घरातला प्रश्न असता, तर तो मी या स्तंभातून मांडला नसता. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा ते पंच्याहत्तर वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, असे त्यात आढळले. मद्यपींचे प्रमाण ज्या राज्यांत सर्वाधिक होते, त्यांत छत्तीसगड अग्रभागी होते: ३५.६ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीतही देशातील पंधरा वर्षांवरील पुरुषांत दारू पिणारे सुमारे १९ टक्के, तर छत्तीसगडमध्ये सुमारे ३५ टक्के आढळले. यातला प्रत्येक जण आजारी नाही. परंतु त्याच २०१९ च्या अहवालानुसार देशात ५ कोटी ७० लाखांवर लोकांना दारूमुळे होणाऱ्या त्रासासाठी मदतीची गरज आहे आणि जे दारूच्या पूर्ण आहारी गेले आहेत, त्यांपैकी दर अडतीस जणांत जेमतेम एकाला कसले ना कसले उपचार मिळतात.

उरलेल्या सदतीस जणांच्या वाट्याला उपचार न येण्याची कारणे अनेक आहेत: पैसा, अंतर, तज्ज्ञांचा तुटवडा. पण त्यांपैकी किती जण केवळ ‘तुझे एवढे काही नाही’ या वाक्यापाशी थांबले असतील, याची मोजदाद कोणतीही पाहणी करीत नाही.

आमच्या राज्याच्या राजकारणात दारूची चर्चा कमी होते असे नाही. २०१७ पासून इथे दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळ करते. २०१८ च्या निवडणुकीत काँग्रेसने संपूर्ण दारूबंदीचे आश्वासन दिले. पाच वर्षांत ती झाली नाही. दारू व्यवहारातील कथित घोटाळ्याची चौकशी सुरू झाली, अटका झाल्या, सरकार बदलले. दुकाने सरकारचीच राहिली. सीमेपलीकडच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि तो वाद मी इथे उकरून काढत नाही. मला एवढेच दिसते की, या साऱ्या वादात दोनच माणसे असतात. एक महसूल देणारा ग्राहक आणि दुसरा बायकोला मारणारा, रस्त्यात पडलेला दारुडा. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जाणारा आणि रात्री दुसरा पव्वा लपवणारा चोवीस वर्षांचा मुलगा या दोहोंतही बसत नाही. तो ना अर्थसंकल्पात आहे, ना आंदोलनात.

वैद्यकशास्त्राने मात्र ही दोन खणांची मांडणी कधीच सोडून दिली आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये सुधारलेल्या निदानपद्धतीत अकरा लक्षणे दिली आहेत. ठरवले त्याहून अधिक पिणे, कमी करण्याचे प्रयत्न फसणे, तीव्र ओढ, जबाबदाऱ्या चुकणे, दारू थांबली की शरीराने बंड करणे ही त्यांतली काही. वर्षभरात यांपैकी दोन आढळली तरी आजाराची सौम्य अवस्था मानली जाते; सहा किंवा अधिक असतील तर तीव्र. नोकरी गेलीच पाहिजे किंवा यकृत सुजलेच पाहिजे, अशी अट त्यात कुठेही नाही. वयाची तर नाहीच. अमेरिकेतील सुमारे ४३ हजार प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीवर आधारित अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची ती अवस्था एकविसाव्या वर्षाआधी आणि दोनतृतीयांशांची पंचविसाव्या वर्षाआधी सुरू झाली होती. ‘या वयात सगळेच पितात’ हे खरे असेल. परंतु ज्यांना हा आजार जडायचा, त्यांना तो बहुधा याच वयात जडतो, हेही तितकेच खरे आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तरुणपणी बेताल पिणारे अनेक जण संसार, नोकरी, जबाबदारी आली की आपोआप आवरतात. माझेच दोन मित्र तसे आवरले. त्यामुळे वीस वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या हातातला ग्लास पाहून त्याला रुग्ण ठरवणे हाही अन्यायच होईल. म्हणून तर बाहेरच्या माणसाने ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा निवाडा देऊ नये. प्रश्न किती पितो याचा नसून, ठरवल्याप्रमाणे थांबता येते का याचा आहे आणि त्याचे उत्तर फक्त पिणाऱ्यालाच ठाऊक असते.

मला हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो एका सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागातील समुपदेशक ताईंनी. जानेवारी २०२१ मध्ये मी तिथे गेलो, तेव्हा त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी समोर ठेवली. मी उत्तरे दिली. गुण आले सात. आठपासून धोका मानतात. मी सुटकेचा निःश्वास टाकला. ताई शांतपणे म्हणाल्या, ‘हा कागद माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. हवं तर घरी जाऊन पुन्हा भरा.’ त्या रात्री गच्चीवरच्या खोलीत मी तो पुन्हा भरला, दुसऱ्या पव्व्यासह. गुण आले एकवीस. मी कागदाकडे पाहत बसलो. कुणीही माझ्यावर शंका घेत नव्हते आणि कुणीही माझी समजूत काढत नव्हते. दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांनी औषधे सुरू केली, बी-१ जीवनसत्त्व दिले आणि पहिला आठवडा घरच्यांच्या नजरेखाली काढायला सांगितले. आईने काही विचारले नाही. फक्त त्या आठवड्यात तिने आपले अंथरूण माझ्या खोलीत टाकले.

त्यानंतर मी एका स्वमदत गटात जाऊ लागलो. दर रविवारी एका शाळेच्या खोलीत पंधरा-वीस जण जमत. बहुतेक साठीचे. मी पहिल्यांदा बोललो, तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हसून म्हणाले, ‘बेटा, जितनी तूने पी है, उतनी तो मैंने गिराई है.’ सगळे हसले. मीही हसलो आणि पुढचे तीन रविवार तिकडे फिरकलो नाही. घरात मी पुरेसा सभ्य होतो म्हणून आजारी नव्हतो. इथे मी पुरेसा उद्ध्वस्त नव्हतो म्हणून आजारी नव्हतो.

ही शंका जुनी आहे, हे मला वाचनातून कळले. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ सुरू झाली, तेव्हा तिच्यात आलेले बहुतेक लोक सर्वस्व गमावलेले होते. पुढे तरुण येऊ लागले, नोकरी-घर शाबूत असलेले येऊ लागले आणि ‘हे खरेच आपल्यातले का?’ असा प्रश्न उभा राहिला. चळवळीने काढलेले उत्तर साधे होते: सदस्य होण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट. तिच्या मूळ ग्रंथाच्या १९५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेळीच थांबलेल्यांच्या कहाण्यांचा स्वतंत्र विभाग घालण्यात आला आणि १९५८ पासून तरुण सदस्यांचे वेगळे संमेलन भरू लागले. तळ गाठल्यावाचून माणूस वर येत नाही, हा समज अनुभवी लोकांनीच सोडून दिला. तळ कुठे मानायचा, हे माणसाला ठरवता येते.

आपल्याकडेही याचा पुरावा आहे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्यातले पुरुष अजून पूर्ण आहारी गेलेले नव्हते. पण त्यांचे पिणे त्यांना अपाय करू लागले होते. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी त्यांच्याशी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलायचे, एवढाच उपचार. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष तीन महिन्यांनी धोक्याबाहेर होते; या बैठका मिळालेल्यांत ते प्रमाण ३६ टक्के होते. चमत्कार नाही, पण चार बैठकांच्या खर्चात एवढे मिळत असेल, तर तो सौदा कोणत्याही सरकारला परवडणारा आहे. यासाठी एकच गोष्ट लागते: ‘अजून एवढे काही झाले नाही’ हे थांबण्याचे कारण न मानता सुरुवातीचे कारण मानणे. बावीसाव्या वर्षी कुणी माझ्याशी असे चार वेळा बसून बोलले असते तर, हा विचार मी करतो आणि सोडून देतो.

आता त्या गच्चीवरच्या प्याल्याकडे येतो. तो घेतल्यावर काहीच झाले नाही, हीच त्यातली सर्वांत वाईट गोष्ट होती. मी हसलो, बोललो, वेळेवर झोपलो. दुसऱ्या दिवशी लग्नात काका लांबूनच अंगठा दाखवून गेले. तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून भट्टीवर गेलो. सहाव्या दिवशी बाटली पाण्याच्या टाकीमागे होती. अकराव्या दिवशी सकाळी दात घासण्याआधी मी झाकण उघडले आणि आरशात पाहिले.

त्याच दिवशी मी ताईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. ‘सुरुवात कोणत्या वाक्याने झाली?’ त्यांनी विचारले. मी काकांचे वाक्य सांगितले. ‘आणि तुम्हाला ते पटलं का?’ याचे उत्तर द्यायला मला फार वेळ लागला. पटले नव्हते. ते मला हवे होते, इतकेच. लोकांच्या शंकेला उत्तर देण्याची माझी धडपड त्या दिवशी संपली. आजार सिद्ध करण्यासाठी मला कुणाच्या सहीची गरज नव्हती. पुढच्या रविवारी मी गटात परत गेलो आणि अकरा दिवसांची हकीकत सांगितली. रेल्वेवाले काका यावेळी हसले नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी माझा फोन नंबर मागून घेतला आणि पुढे वर्षभर रोज रात्री नऊ वाजता त्यांचा फोन येत राहिला. त्या अकराव्या दिवसानंतर आजवर मी प्यायलेलो नाही.

बाबांनी माझ्या आजाराला अजून आजार म्हटलेले नाही. बहुधा म्हणणारही नाहीत. पण मागल्या दिवाळीत काका बाटली घेऊन आले, तेव्हा बाबा त्यांना म्हणाले, ‘या घरात नको.’ कारण सांगितले नाही. मी ते स्वयंपाकघरातून ऐकले.

कुणी तरुण मुलगा किंवा मुलगी तुमच्याकडे येऊन ‘मला थांबता येत नाही’ असे म्हणाली, तर तिला धीर देण्याच्या घाईत तिचा आजार नाकारू नका. तिला दारुडीही म्हणू नका. एवढेच विचारा की, थांबायचे ठरवले तेव्हा काय झाले? रोज पिणाऱ्याला एकट्याने, एकाएकी बंद करायला सांगू नका. डॉक्टरांकडे घेऊन जा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. तेही ठाऊक असू द्या.

गेल्या महिन्यात एका मित्राच्या धाकट्या भावाचा रात्री उशिरा फोन आला. तो एकवीस वर्षांचा आहे, अभ्यासात हुशार आहे. बराच वेळ तो इकडचे तिकडचे बोलत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘भैया, मला खरंच काही झालंय का? की मी उगाच करतोय?’

मी होय म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. ‘उद्या सकाळी ये,’ मी म्हणालो. ‘चहा घेऊ आणि बोलू.’